विश्लेषण : चांद्रमोहिमेचा संगणक आणि भोर-वेल्ह्याचा सातबारा… वडिलोपार्जित जमीन नावावरून का सापडत नाही?

आजोबांची जमीन नेमकी कुठे आहे? भोर-वेल्ह्यातून पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या घरांत वारस नोंदीच्या वेळी हा प्रश्न हमखास निघतो. गाव आणि गट क्रमांक ठाऊक असेल तर सातबारा मोबाइलवर लगेच दिसतो. गावच ठाऊक नसेल तर शोध पुढे सरकत नाही. याचे कारण माहितीच्या रचनेत आहे. याच धर्तीच्या रचनेवर साठ वर्षांपूर्वी अमेरिकेच्या चांद्रमोहिमेसाठी एक प्रणाली उभी राहिली. तिचे नाव आयएमएस.

आयएमएस म्हणजे काय?

आयएमएस म्हणजे ‘इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम’. अपोलो यानाच्या लाखो सुट्या भागांचा हिशेब कागदावर ठेवणे अशक्य होते. १९६६ मध्ये आयबीएम, यान बांधणारी रॉकवेल आणि ट्रॅक्टर बनवणारी कॅटरपिलर या कंपन्यांचे अभियंते एकत्र आले. व्हर्न वॉट्स हे या प्रणालीचे प्रमुख शिल्पकार मानले जातात. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे तिच्या टर्मिनलवर ‘रेडी’ हा पहिला संदेश उमटला. १९६९ मध्ये ती आयएमएस/३६० या नावाने इतर ग्राहकांसाठी खुली झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला.

तिची रचना कशी होती?

उलट्या झाडासारखी. वर मूळ, खाली फांद्या. यान, त्याखाली त्याचे विभाग, त्याखाली यंत्रे, त्याखाली सुटे भाग. प्रत्येक नोंदीला वर एकच ‘पालक’, खाली मात्र कितीही ‘अपत्ये’. वरून खाली जायची वाट आधीच आखलेली असल्याने उत्तर झटपट मिळे. त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीत हा मोठाच फायदा होता.

सातबाऱ्याशी याचा संबंध काय?

संबंध रचनेपुरता आहे. महाभूलेख संकेतस्थळ आयएमएसवर चालते, असे नव्हे. पण तिथे आपण काय करतो ते पाहा. आधी जिल्हा पुणे, मग तालुका, मग गाव, मग गट क्रमांक. नावाने शोधायची सोय आहे, पण तीही गाव निवडल्यावरच. ही उतरंड संगणकाच्या कितीतरी आधीची. गाव नमुना ७ आणि १२ मिळून झालेला सातबारा जमिनीच्या तुकड्याची माहिती देतो. गाव नमुना ८-अ खातेदाराच्या नावाने असतो, पण एका गावापुरताच.

मग अडचण कुठे येते?

प्रश्न उलट्या बाजूने विचारला की येते. समजा, एका खातेदाराची थोडी जमीन भोर तालुक्यातील नसरापुरात आणि थोडी वेल्ह्यातील विंझरमध्ये आहे. ‘या गटाचा मालक कोण’ याचे उत्तर चटकन मिळते. ‘या माणसाची एकूण जमीन किती’ हे विचारले की दोन तालुके, दोन गावे, दोन आठ-अ. तिसऱ्या गावातला तुकडा घरात कुणाला आठवत नसेल, तर वारस नोंदीतून तो राहूनच जातो.

वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. झाडाच्या रचनेत असा बदल सोपा असतो. वरचे एक नाव बदलले की खालच्या गावांच्या नोंदींना हात लावावा लागत नाही. जुन्या खरेदीखतावर मात्र ‘वेल्हे’च राहते. दोन्ही नावे एकाच तालुक्याची, हे शोधणाऱ्याला ठाऊक हवे.

यावर तोडगा निघाला का?

निघाला, आणि तोही आयबीएममधूनच. तिथले गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती झाडाऐवजी तक्त्यांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. एक तक्ता खातेदारांचा, एक गटांचा. दोन्हींत समान असलेल्या क्रमांकावरून ते जोडायचे. मग प्रश्न कोणत्याही बाजूने विचारता येतो. आजच्या बहुतेक डेटाबेसचा पाया हाच आहे.

पण त्याला एक अट आहे. माणूस सगळीकडे एकाच ओळखीने नोंदलेला हवा. एका गावात ‘धोंडिबा’ आणि दुसऱ्यात ‘धोंडू’ असेल, तर उत्तम संगणकही दोघांना वेगळेच धरतो.

आयएमएस बंद पडले का?

नाही. पुढे त्यात दुय्यम सूचीची सोय आली आणि आडवाटेने शोधणे थोडे सोपे झाले. मोठ्या बँका आणि विमा कंपन्यांत ते आजही वापरात आहे. खाते क्रमांक द्या, शिल्लक सांगा, अशा रोजच्या ठरलेल्या कामात झाडाची वाट अजूनही वेगवान आहे.

वारसांनी काय करावे?

आधी गावांची यादी करा. आजोबांचे मूळ गाव, आजीचे माहेर, धरणात जमीन गेली असल्यास पुनर्वसनाचे गाव, कुणी खरेदी केली असल्यास ते गाव. प्रत्येक गावाचा आठ-अ स्वतंत्र पाहा. नावाची सगळी रूपे टाकून बघा. जुने फेरफार, खरेदीखते, शेतसाऱ्याच्या पावत्या जपून ठेवा. आणि घरातली जाणती माणसे आहेत तोवर त्यांना विचारून गावांची नावे लिहून घ्या. पहिली पायरी तीच आहे.