सौरबंबाच्या पाइपात हवा धरते तेव्हा

थंडी पडू लागली की गच्चीवरच्या सौरबंबाच्या तक्रारी सुरू होतात. ऊन लख्ख असते, टाकीतले पाणी कढत असते. पण न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ आधी फुसफुसतो, मग गुरगुरतो, चार थेंब टाकतो आणि गप्प बसतो. ‘सोलर बिघडला’ म्हणून आपण दुरुस्तीवाल्याला बोलावतो. पुष्कळदा बिघडलेले काहीच नसते. पाइपात हवा धरलेली असते, इतकेच.

ही हवा येते कुठून? थंड पाण्यात ती विरघळलेलीच असते. पाणी तापले की तिला तिथे जागा उरत नाही. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात जितका प्राणवायू राहतो, त्याच्या साधारण निम्माच ६० अंशांच्या पाण्यात राहतो. चहाचे आधण ठेवल्यावर उकळी येण्याच्या कितीतरी आधी पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसतात, ते हेच. बंबात रोज नवे पाणी येते आणि तापते, म्हणून रोज थोडी हवा सुटते. शिवाय पाणी बंद असण्याच्या दिवशी गच्चीवरची गार पाण्याची टाकी रिकामी झाली, की पाइपात बाहेरची हवाही शिरते.

हवा हलकी असल्याने उंच जागा गाठते. गरम पाण्याचा पाइप बंबापासून सरळ खाली उतरत असेल, तर ती फारशी अडत नाही. पण कठडा ओलांडण्यासाठी पाइप वर चढवून पुन्हा खाली आणला असेल, तर त्या कमानीत बुडबुडा ठाण मांडून बसतो. बंबाला दाब मिळतो तो गार पाण्याच्या टाकीच्या उंचीचा. सर्वांत वरच्या मजल्यावर ही उंची जेमतेम काही फूट भरते. म्हणूनच खालच्या मजल्यावर नळ धो धो वाहतो आणि वरच्या मजल्यावर रुसतो.

अशा वेळी प्रथम वरच्या टाकीत पाणी आहे ना, कॉक उघडा आहे ना, हे पाहावे. मग सर्वांत खालचा गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडून काही मिनिटे वाहू द्यावा. जोराचा प्रवाह बुडबुड्याला ओढून नेतो. कढत पाणी उसळून अंगावर येते, तेव्हा मुलांना दूर ठेवावे. तक्रार वारंवार येत असेल, तर कमान काढून पाइपाला नीट उतार द्यावा. नळ थुंकत नाही, पण धार महिनोन्‌महिने बारीक होत चालली आहे, असे असेल तर दोष हवेचा नव्हे. बोअरच्या जड पाण्याचा क्षार पाइपात साचला आहे, असे समजावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बंबाच्या टाकीतून एक उघड्या तोंडाचा पाइप सरळ वर गेलेला असतो. त्यातून कधी वाफ येते, कधी पाणी ठिबकते. पाणी वाया जाते म्हणून काही जण त्याला बूच मारतात. असे कदापि करू नये. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की सुमारे ३ लिटरने फुगते. त्याला, सुटलेल्या हवेला आणि वाफेला हीच वाट असते. ती बंद झाली तर टाकीवर ताण येऊन सांधे उसवू शकतात. उलट, टाकी रिकामी होताना आत हवा शिरली नाही, तर पत्रा आत चेपतो. पाइप सतत ठिबकत असेल, तर त्याचे तोंड गार पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा उंच आहे का ते तपासावे. नसल्यास पाइप वाढवून घ्यावा.

काचेच्या नळ्यांचा बंब कोरडा पडला असेल, तर भर उन्हात त्यात पाणी सोडू नये. तापलेली काच गार पाण्याने तडकते. संध्याकाळनंतर किंवा पहाटे बंब भरावा.

नवा बंब बसवून घेताना प्लंबरला दोनच गोष्टी आवर्जून सांगाव्यात : पाइपाला कमान नको आणि हवेच्या पाइपाला बूच नको. एवढे पाळले, तर थंडीतल्या निम्म्या तक्रारी मुळातच उद्भवणार नाहीत.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)