माशी, मासा आणि ओला कापूस

माशीने मासा धरायचा, हे वाक्य शाळेत असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती छपाईतली चूक वाटली होती. गळाला गांडूळ लावतात, कणीक लावतात, हे माहीत होतं. पण कोंबड्याच्या मानेचं पीस आणि रेशमाचा धागा आकड्याला गुंडाळून खोटी माशी करायची, तिला वजन नसतं म्हणून दोरीच वजनदार घ्यायची, ती दोरी चाबकासारखी मागेपुढे खेळवायची आणि माशी पाण्यावर अलगद टेकवायची, हा खटाटोप कोणी सहा इंचांच्या माशासाठी करत असेल यावर विश्वास बसेना. तो मासा म्हणजे ट्राउट. साहेबांच्या जुन्या शिकारपुस्तकांतून तो माझ्या डोक्यात शिरला आणि पुढची तीस वर्षं निघाला नाही.

नागपूरकराने ट्राउटचं वेड घ्यावं यात शहाणपण काही नाही. पाणी २० अंशांच्या वर गेलं की हा मासा कासावीस होतो आणि २५ च्या पुढे त्याचं काही खरं नसतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, ३० अंशांना साडेसातवर येतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. नागपूरच्या अंबाझरी तलावात ट्राउट सोडणं म्हणजे त्याला उकडायला ठेवणं.

म्हणून एका १ मार्चला मित्राला ओढून हिमाचलात तीर्थन नदीवर नेलं. तिथे ट्राउटला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर विणीची सुट्टी असते आणि १ मार्चला पाणी खुलं होतं. बर्फाचं पाणी, पायात दोन-दोन मोजे, कानटोपी. सकाळभर मी माशी फेकली आणि बहुतेक वेळा ती मागच्या झुडपातून सोडवून आणली. दुपारी मित्राला, पहिल्यांदाच काठी हातात धरणाऱ्याला, मासा लागला. वीतभर लांब, अंगावर गुलाबी पट्टा. त्याने ओल्या हाताने तो उचलला, उलटापालटा केला आणि म्हणाला, ‘‘काय बे, हा तर पाळीव दिसून राहिला.’’

खरंच तसा दिसत होता. पाठीवरचा पंख बोथट होता, टोकं खाल्ल्यासारखी. सिमेंटच्या हौदात दाटीवाटीने वाढलेल्या माशांचे पंख घासून आणि एकमेकांचे चावे लागून असे होतात. म्हणजे ज्याच्यासाठी दीड हजार किलोमीटर आलो, तो मत्स्यखात्याने हौदातून आणून नदीत सोडलेला होता. मला वाईट वाटलं. मित्राला वाटलं नाही. तो म्हणाला, आमच्या गावच्या तलावात मच्छीमार सोसायटी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडते, तसंच हे.

ते वाक्य डोक्यात घेऊन मी परत आलो.

भारतात ट्राउट कसा आला ही कहाणी अनेकांनी लिहिली आहे, मी धावत सांगतो. काश्मीरला जाणारी अंड्यांची पहिली खेप १८९९ मध्ये वाटेतच मेली, १९०० मध्ये स्कॉटलंडची अंडी टिकली. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांनी इंद्रधनुषी ट्राउट जगवला, १९०९ मध्ये कुलूत हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने उबवणीकेंद्र काढलं. साहेबाला घरची आठवण आली की तो नदीच बदलून टाकायचा. मला यापेक्षा जास्त रस होता तो आपल्याकडे हे कोणी केलं यात. शोधत गेलो तसं एक नाव पुन्हा पुन्हा आलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी.

राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेल्या या माणसाबद्दल मराठीत चार ओळीही सहज सापडत नाहीत. १९४० मध्ये त्यांनी मुंबईच्या आसपासच्या मचूळ पाण्यातून बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा पारदर्शक मासा शोधला. त्याच्या नराच्या पोटाकडच्या पंखाचं अवजार झालेलं असतं. त्याने तो बीजाची छोटी पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो. हा मासा जगाला तोवर ठाऊक नव्हता. कुलकर्णींनी त्याला आपल्या दोन वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांची, होरा आणि सेटणा यांची, नावं जोडून होराइक्थिस सेटणाई म्हटलं. पुढे त्यांनी नर्मदेतल्या हिलसाच्या विणीचा अभ्यास केला. आणि मग महासीर, नदीतला मोठा मासा.

दख्खनच्या महासीरचं शास्त्रीय नाव टोर खुद्री. यातलं ‘खुद्री’ आपलंच. कर्नल साइक्स या मुंबई सरकारच्या आकडेवारी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची यादी प्रसिद्ध केली तेव्हा त्याने लॅटिन शोधत बसण्यापेक्षा कोळ्यांनी सांगितलेली नावंच उचलली. खुद्री, मुसुल्ला, पोटाईल, फुलुंगी. मुळा-मुठेच्या काठावर कोणीतरी बोट दाखवून उच्चारलेला शब्द आज लंडनच्या बरणीवर चिकटवलेला असतो, याचा मला विनाकारण अभिमान वाटतो.

कुलकर्णींचा दख्खनच्या महासीरच्या विणीवरचा निबंध १९७१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याची एक झेरॉक्स माझ्याकडे आहे, कडेला कोणा अनोळखी वाचकाच्या पेन्सिलच्या खुणांसकट. लोणावळ्याच्या टाटांच्या जलविद्युत तलावांत जुलै-ऑगस्टमध्ये हे मासे तलावात येऊन मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी जमतात. तिथून तयार मादी पकडायची, पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यावर नराचं बीज मिसळायचं. रोहूची मादी किलोमागे लाखांनी अंडी देते, महासीर हजारांनी. पण प्रत्येक अंडं मोठं, सोनेरी, जड, तळाला बसणारं. रोहूचं अंडं १४ ते १८ तासांत फुटतं, महासीरचं अडीच-तीन दिवस घेतं. त्यातून बाहेर आलेली पिल्लं पोहतच नाहीत. सहाएक दिवस ती उजेडापासून पळून कोपऱ्यात डोकी खुपसून पडून राहतात, फक्त शेपट्या हलत असतात. झुंडीने, भिंतीकडे तोंड करून. मला ते वाचताना रुसलेली पोरं आठवली.

उबवणीची पद्धत ट्राउटची होती: उथळ ट्रे आणि त्यातून सतत वाहतं पाणी. साहेबाचं तंत्र, देशी अंडं.

आणि मग कापूस. कुलकर्णी आणि टाटांचे ओगले यांनी १९७९ मध्ये आणखी एक निबंध लिहिला, महासीरची अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवण्यावर. पाण्याने भरलेली पिशवी नको, प्राणवायूची टाकी नको. अंड्याला श्वासासाठी ओलाव्याचा पातळ थर पुरतो. १८६४ मध्ये इंग्लंडहून टास्मानियाला ट्राउटची अंडी बर्फावर, शेवाळात गुंडाळून गेली होती. इथे शेवाळाच्या जागी कापूस. वैदर्भीय असल्यामुळे मी ही ओळ तीनदा वाचली. कापसाचा भाव आणि कापूस पिकवणारा शेतकरी यांच्यापलीकडे कापसाबद्दल एवढी प्रसन्न करणारी गोष्ट माझ्या वाचनात आली नव्हती.

इथवर मी कुलकर्णींच्या प्रेमात होतो. आजही आहे. पण ट्रेमधल्या त्या रुसलेल्या पोरांचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय लेख पुरा करता येणार नाही.

लोणावळ्याची बोटुकली ठिकठिकाणच्या नद्यांत गेली, कावेरीतही. १९७० च्या दशकापासून तिथल्या गळवाल्यांच्या संघटनांनी ती सोडली, हेतू उदात्त होता: डायनामाइटने आणि विषाने ओस पडलेली नदी पुन्हा भरावी. नदी भरली. पण कावेरीचा स्वतःचा एक महासीर होता, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कबिनीत १२० पौंडांचा धरला होता, म्हणजे ५४ किलोंचा. आपल्या निळसर पंखांच्या खुद्रीने या कुबडाळ्याची जागा घेतली.

हे कळलं कशावरून? गळवाल्यांच्या वह्यांवरून. कावेरीकाठच्या गलिबोरे छावणीत पकडून सोडून दिलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली जायची, १९९८ ते २०१२. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी त्यातून सहा हजारांहून जास्त महासीरांचा हिशेब मांडला आणि २०१५ मध्ये छापला. निळे पंखवाले वाढत गेलेले, कुबडवाले घटत गेलेले. आणि जे सापडले ते मोठेच. पिल्लू नाही. बढाया मारायला ठेवलेल्या वह्या एका जातीच्या आजारपणाचा तक्ता निघाल्या. विशेष म्हणजे त्या कुबडाळ्याला तोवर पक्कं शास्त्रीय नावही नव्हतं. २०१८ मध्ये तो टोर रेमादेवी म्हणून ओळखला गेला, आणि लगेच अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आपल्या खुद्रीला मात्र आता धोका नाही. आपलं पोर सुखरूप, शेजाऱ्याचं मरणाच्या दारात.

२०१२ नंतर कावेरीच्या अभयारण्यात गळ टाकणं बंद झालं. गळवाले म्हणतात, आम्ही होतो तोवर डायनामाइटवाले फिरकत नव्हते. मला त्यांचं म्हणणं पटतं. बंदी आली तेव्हा वहीही बंद झाली, हे तर नक्कीच वाईट झालं. पण मासे सोडणाऱ्यांनी, त्यात मी ट्राउटच्या मोहाने तीर्थनला गेलेला हौशीही धरतो, आपण पाण्यात काय टाकतो आहोत हे विचारलं नव्हतं.

आणि आपण इकडे विदर्भात काय करतो? १९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी पियुषग्रंथीच्या अर्काने कार्पला विणायला लावलं आणि मत्स्यबीज स्वस्त झालं. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत जिरे, अर्धबोटुकली, बोटुकली अशा चढत्या मापाने कटला, रोहू, मृगल सोडले जाऊ लागले. मच्छीमार ढिवरांच्या संस्था त्यावर चालतात, त्यांना नावं ठेवायची माझी पात्रता नाही. पण मरळ आणि मांगूर हे तलावातले पूर्वीचे मासे आठवणाऱ्या म्हाताऱ्यांचा सूर वेगळा असतो.

मागच्या पावसाळ्यात मित्राच्या गावच्या तलावावर बोटुकली सोडायचा दिवस होता. प्राणवायू भरलेल्या पिशव्या आधी तोंड न उघडता पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी एका तापमानाला यावं म्हणून. पंधरा मिनिटं सगळे नुसते उभे होते. मग तोंडं उघडली. संस्थेच्या अध्यक्षांनी पलीकडच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथे जुने मोठे मासे होते, तिथे गळ टाकायला हरकत नव्हती. मित्राने टोपीत खोचलेली तीर्थनची माशी काढली आणि दोनदा हवेत फिरवून तलावावर टाकली. कटल्याला माशी कशाला लागते, तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. अर्ध्या तासाने मित्राने माशी सोडून ठेवली, डबा उघडला आणि पोळीसाठी आणलेली कणीक मळू लागला.