परदेशी पारितोषिके आणि सरकारची मर्जी

डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2009 साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार मिळाला, तेव्हा पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झालेला नव्हता. कुडाच्या भिंतीवरील तांदळाच्या पिठाच्या रेघेला युरोपने मानाचे पान दिले, याचा सर्वांनाच अभिमान वाटला. असल्या सन्मानाबरोबर येणाऱ्या रकमेवर आयकर द्यावा लागतो की नाही, हे मात्र सत्काराच्या सभेत कोणी विचारीत नाही.

1961 च्या आयकर कायद्याचे उत्तर असे होते, की केंद्र वा राज्य सरकारने सुरू केलेला पुरस्कार करमुक्त. इतर संस्थेचा असेल, तर केंद्र सरकारची मान्यता हवी. म्हणजे गुणवत्तेचा निवाडा परदेशी परीक्षकांनी करावयाचा आणि करमाफीचा दिल्लीने! पाड्यावरील कलावंताने त्यासाठी अर्ज कोणाकडे करावा?

सीमाशुल्काची कथा अधिक बोलकी आहे. रवी शास्त्री यांनी 1985 साली मेलबर्नला जिंकलेल्या ऑडी मोटारीवरील शुल्क माफ झाले. ती निदान स्पर्धेतील बक्षीस होती. ब्रॅडमन यांच्या 29 शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाट कंपनीने 2002 साली सचिन तेंडुलकर यांना दिलेली फेरारी ही भेट होती, आणि नियमातील सवलत बक्षिसापुरतीच होती. तरीही 2003 साली सुमारे 1 कोटी 13 लाख रुपयांचे शुल्क माफ करण्यात आले. गदारोळ उठला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर शुल्क फियाटने भरले. लोकांचा राग रास्तच होता. खेळाडूपेक्षा तो सरकारवर अधिक निघावयास हवा होता. याच सरकारी तिजोरीने 2013 साली परदेशातून सामानाबरोबर येणाऱ्या सपाट पडद्याच्या दूरचित्रवाणी संचावरील सवलत काढून घेतली. आखातात राबून बोईसरला परतणाऱ्या जोडाऱ्यासाठी कोणाला नियम वाकवावासा वाटला नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊ केली. औदार्य मोठे खरे. पण हाती आलेले उत्पन्न नंतर वाटून टाकले, तरी कराच्या हिशेबात ते मिळविणाऱ्याचेच राहते, असे जुने तत्त्व आहे. दात्याने दान केलेल्या रकमेवरही कर मोजावा, हा विनोद म्हणावा की न्याय?

पारितोषिकावर कर घेऊ नये, असे नव्हे. तारापूरच्या कारखान्यातील कारकुनाचा कर पगारातूनच कापला जातो; लक्षाधीश विजेत्याने तो का देऊ नये? परंतु सवलत द्यावयाचीच, तर मान्यताप्राप्त परदेशी पुरस्कारांची यादी सरकारने दरवर्षी आगाऊ जाहीर करावी, रकमेची मर्यादा ठरवावी, आणि विजेत्याचे नाव कळल्यावर अधिसूचना काढण्याची प्रथा बंद करावी.