लाटव्हियाची जर्सी : एका छोट्या देशाचे मोठे आइस हॉकीपटू

आज आपण आइस हॉकीबद्दल बोलणार आहोत, आणि तेही लाटव्हियाच्या. कॅनडा, रशिया, अमेरिका सोडून लाटव्हियाच का, असं तुम्ही विचाराल. कारण या देशाच्या पाच-सहा खेळाडूंची कारकीर्द एकापाठोपाठ एक मांडली, की देशाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहासच समोर येतो. हे मला इतर कुठल्या देशाच्या बाबतीत इतकं स्पष्ट दिसलेलं नाही.

आधी देश कुठे आहे ते पाहू. बाल्टिक समुद्राच्या पूर्व काठावर एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया हे तीन देश एकाखाली एक आहेत. त्यातला मधला लाटव्हिया, राजधानी रीगा. लोकसंख्या एकोणीस लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत एकट्या इंदूर शहराची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या पुढे होती. म्हणजे हा अख्खा देश इंदुरात मावेल. १९१८मध्ये तो स्वतंत्र झाला, १९४०मध्ये सोव्हिएत संघाने गिळला आणि १९९१मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. ही तीन सालं लक्षात ठेवा.

आता खेळ. आपल्या मैदानी हॉकीत अकरा खेळाडू असतात, इथे बर्फावर एका संघाचे सहाच. पाच जण स्केट्सवर धावणारे आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. वेग इतका, की पाऊण-एक मिनिटात खेळाडू दमतात आणि खेळ चालू असतानाच बाहेर येतात, ताजे पाच जण आत जातात. त्यामुळे संघाला वीसेक चांगले खेळाडू लागतात. गोलरक्षक मात्र सहसा पूर्ण साठ मिनिटं एकच. ही गोष्टही लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एक गंमत सांगून पुढे जातो. आज सगळी नावं 's' किंवा 'श'ने संपताना ऐकू येतील. लाटव्हियन भाषेत पुरुषांच्या नावाला बहुधा तसा प्रत्यय लागतोच.

पहिलं नाव हेल्मुट्स बाल्डेरिस. जन्म १९५२, रीगा. त्याच्या तरुणपणी लाटव्हियाचा स्वतःचा संघ असण्याचा प्रश्नच नव्हता. रीगाचा क्लब होता दिनामो रीगा, तो सोव्हिएत लीगमध्ये खेळायचा. प्रशिक्षक होते व्हिक्टर तिखोनॉव्ह. बाल्डेरिसचा वेग असा, की लोकांनी त्याला इलेक्ट्रिक ट्रेनच म्हणायला सुरुवात केली. १९७७मध्ये तिखोनॉव्ह मॉस्कोच्या लष्करी क्लबचे, म्हणजे सेस्काचे प्रशिक्षक झाले आणि बाल्डेरिसही तिकडे गेला. सोव्हिएत पद्धतच तशी होती. देशातले उत्तम खेळाडू लष्कराच्या क्लबकडे जात, लहान शहरांच्या क्लबांनी ते घडवायचे आणि मॉस्कोने न्यायचे.

बाल्डेरिस सोव्हिएत जर्सीत १९७८, १९७९ आणि १९८३ असा तीनदा जगज्जेता झाला. १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजवयीन पोरांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, त्या हरलेल्या संघातही तो होता. रुपेरी पदक घेऊन तो त्याच वर्षी रीगाला परतला आणि १९८५पर्यंत दिनामोसाठीच खेळला. सोव्हिएत खेळाडूला अमेरिकेच्या लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये जायला तेव्हा परवानगी नव्हती. ती मिळू लागली १९८९मध्ये. तोवर बाल्डेरिस निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तरी मिनेसोटा नॉर्थ स्टार्सने त्याला निवडलं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी! एनएचएलच्या निवडप्रक्रियेत इतक्या वयाचा खेळाडू दुसरा झालेला नाही. तो २६ सामने खेळला आणि त्यात तीन गोल केले. आकडा छोटा आहे, पण त्याची उमेदीची वर्षं कुठे गेली हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरं नाव आर्तुर्स इर्बे, गोलरक्षक, जन्म १९६७. हाही रीगाचा, हाही सोव्हिएत जर्सीत जगज्जेता, १९८९ आणि १९९०मध्ये. १९९०च्या स्पर्धेत तर सर्वोत्तम गोलरक्षक तोच ठरला. आणि त्यानंतर त्याने सोव्हिएत संघासाठी खेळायला नकार दिला. १९९१च्या जानेवारीत सोव्हिएत फौजा सत्ता हिसकावतील या भीतीने रीगाच्या लोकांनी संसद आणि इतर महत्त्वाच्या इमारतींभोवती ट्रॅक्टर, ट्रक, लाकडाचे ओंडके लावून अडथळे उभारले आणि कडाक्याच्या थंडीत शेकोट्या पेटवून पहारा दिला. त्या पहारेकऱ्यांत इर्बे होता. त्याने काय पणाला लावलं याचा विचार करा. चोवीस वर्षांचाही झाला नव्हता, जगातला पहिल्या रांगेतला गोलरक्षक, आणि बाजी उलटली असती तर खेळ तर संपलाच असता, पुढचं आयुष्यही सोपं राहिलं नसतं.

बाजी उलटली नाही. इर्बे अमेरिकेत सॅन होजे शार्क्सकडे गेला. नवखा संघ, १९९२-९३च्या हंगामात ७१ सामने हरलेला. पुढच्याच हंगामात इर्बेने ७४ सामन्यांत गोल राखला. शार्क्स कसेबसे बाद फेरीत पोहोचले, आठव्या क्रमांकावरून, आणि पहिल्या क्रमांकाच्या डेट्रॉइटला सात सामन्यांच्या मालिकेत त्यांनी बाहेर काढलं.

त्याच शार्क्समध्ये तिसरा माणूस होता, सान्दिस ओझोलिन्श. जन्म १९७२. हा बचावपटू, पण जीव आक्रमणात. त्या १९९३-९४च्या हंगामात बचावपटू असून त्याने २६ गोल केले. पुढे तो कोलोरॅडोकडे गेला आणि १९९६मध्ये स्टॅनली कप जिंकला. हा चषक जिंकणारा तो पहिला लाटव्हियन. सात वेळा तो ऑल-स्टार सामना खेळला.

पण त्याची गोष्ट तिथे थांबत नाही. दारूच्या व्यसनाने त्याला घेरलं. लीगच्या उपचार कार्यक्रमात जावं लागलं, खेळ सुटला. अशा वेळी बहुतेकांची गोष्ट संपते. ओझोलिन्श २००९मध्ये रीगाला परतला, नव्याने उभ्या राहिलेल्या दिनामो रीगाकडून खेळू लागला, कर्णधार झाला. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, रशियाच्या भूमीवर लाटव्हियाचा झेंडा हातात घेऊन संघाच्या पुढे तोच चालत होता. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसावर समाजाने पुन्हा विश्वास टाकणं म्हणजे काय, ते मला त्या दृश्यात दिसतं.

चौथा, कार्लिस स्क्रास्तिन्श. याचं नाव ठळक मथळ्यात कमी यायचं. गोल करणारा नव्हे, पक अंगावर झेलणारा बचावपटू. २००० ते २००७ या काळात तो एनएचएलमध्ये सलग ४९५ सामने खेळला, एकही न चुकवता. बचावपटूंसाठी तेव्हा तो विक्रम होता. हा खेळ किती लागट आहे हे पाहिलं, की या आकड्याचं मोल कळतं. ७ सप्टेंबर २०११ रोजी रशियातल्या यारोस्लाव्हल इथे लोकोमोटिव्ह संघाचं विमान कोसळलं. स्क्रास्तिन्श त्या विमानात होता. सदतीस वर्षांचा. त्याच्या सात वर्षं आधी सेर्गेइस झोल्तोक्स हा दुसरा एनएचएल खेळाडू मिन्स्कमध्ये सामना चालू असतानाच हृदय बंद पडून गेला, एकतिसाव्या वर्षी. इतक्या छोट्या देशात असा खेळाडू गेला, की घरातलंच कुणी गेल्यासारखं होतं.

आता मघाची लक्षात ठेवलेली गोष्ट काढू. संघाला धावणारे वीस लागतात, गोलरक्षक मात्र एकच. एकोणीस लाखांच्या देशाला जागतिक दर्जाचे वीस खेळाडू एकाच वेळी मिळणं फार कठीण. पण एक अप्रतिम गोलरक्षक मिळू शकतो. आणि सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळ्यासमोर तो एकटा साठ मिनिटं उभा राहिला, तर बाकीच्यांची उणीव बरीच भरून निघते. लाटव्हियाने हेच केलं. स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत संघाची वरची जागा रशियाला मिळाली आणि लाटव्हियाला १९९३मध्ये थेट तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. १९९७पर्यंत ते वरच्या गटात पोहोचले आणि तेव्हापासून तिथेच आहेत. २०००च्या जागतिक स्पर्धेत, सेंट पीटर्सबर्गमध्ये, तारांकित रशियाला त्यांनी ३-२ हरवलं. गोलमध्ये कोण होतं? इर्बे. सोचीच्या उपांत्यपूर्व फेरीत क्रिस्तेर्स गुद्लेव्स्किस या तरुण गोलरक्षकाने कॅनडाचे ५५ फटके अडवले. लाटव्हिया १-२ हरला, पण त्या सामन्यानंतर जगाने त्याचंच नाव घेतलं.

२०२१मध्ये जागतिक स्पर्धा रीगामध्ये झाली. पहिल्याच सामन्यात लाटव्हियाने कॅनडाला २-० हरवलं, इतिहासात प्रथमच. गोलरक्षक होता चोवीस वर्षांचा मातिस किव्लेनिएक्स. दीड महिन्यात, ४ जुलैला, अमेरिकेत फटाक्याच्या अपघातात तो गेला. त्याचा क्लबमधला आणि राष्ट्रीय संघातला सोबती एल्विस मेर्झ्लिकिन्स याने पुढे आपल्या मुलाच्या नावात मातिस हे नाव जोडलं.

आणि मग २०२३. उपांत्यपूर्व फेरीत लाटव्हियाने स्वीडनला हरवलं, उपांत्य फेरीत कॅनडाकडून पराभव पत्करला आणि २८ मे रोजी कांस्यपदकासाठी अमेरिकेशी गाठ पडली. शेवटच्या काही मिनिटांत लाटव्हिया एका गोलने मागे होता. क्रिस्तियान्स रुबीन्स या बचावपटूने बरोबरी साधली आणि जादा वेळेत विजयी गोलही त्यानेच केला. ४-३. देशाचं जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक. बावीस वर्षांचा गोलरक्षक आर्तुर्स शिलोव्स स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या रात्री संसदेची तातडीची बैठक भरली, काही खासदार जर्सी घालूनच आले होते, आणि दुसरा दिवस सार्वजनिक सुट्टी म्हणून जाहीर झाला.

यावर कुणी हसेल. एका कांस्यपदकासाठी सुट्टी? पण बाल्डेरिसकडे तीन जगज्जेतेपदं होती आणि त्यातलं एकही लाटव्हियाच्या नावावर लागलेलं नाही. इर्बेची दोन सुवर्णपदकंही सोव्हिएत खात्यात जमा आहेत. या देशाने खेळाडू पन्नास वर्षं घडवले, पण पदकं दुसऱ्याच्या कपाटात गेली. स्वतःच्या जर्सीतलं पहिलं पदक कांस्य असलं, तरी ते आपलं आहे. माझ्या मते त्या सुट्टीचा अर्थ एवढा साधा आहे.

तुम्हाला सामने पाहायचे असतील तर दरवर्षी मे महिन्यात जागतिक स्पर्धा असते. गर्द लाल आणि पांढऱ्या रंगाचा संघ दिसला, की आधी गोलरक्षकाकडे बघा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.