शून्य कुठे मांडायचे?

कुंभकोणमजवळचे स्वामीमलै हे मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी एक. कावेरीच्या सपाट मुलखातली ही टेकडी नैसर्गिक नाही, माणसांनी रचलेली आहे. वर नेणाऱ्या 60 पायऱ्या 60 संवत्सरांच्या मानल्या जातात. प्रभव ते क्षय ही मालिका आपल्या पंचांगातही आहे. उंची सुमारे 60 फूट, म्हणजे 18 मीटर. 60 किलोचा भाविक वर पोचला की त्याची स्थितिज ऊर्जा किती? वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार करायचा: 60 × 9.8 × 18, म्हणजे 10,584 ज्यूल. उत्तर बरोबर, पण खरी मेख उंचीत आहे. ती मोजली कुठून? आपण पहिल्या पायरीपाशी शून्य धरले, एवढेच. या परिसराची समुद्रसपाटीपासूनची उंची 25 मीटर धरली, तर पायथ्याशीच भाविकाकडे 14,700 ज्यूल निघतात आणि माथ्यावर 25,284. दोन्ही आकडे बदलले, फरक मात्र तोच: 10,584. निसर्गाला या फरकाशीच देणेघेणे आहे. शून्याची जागा आपण सोयीने ठरवतो.

यावर कोणी म्हणेल, मग दहावीच्या पुस्तकात हीच ऊर्जा ऋण कशी होते? तिथे शून्य अनंत अंतरावर मांडलेले असते, म्हणून पृथ्वीजवळची प्रत्येक वस्तू शून्याच्या खाली येते. पण त्या सूत्रानेही पायथा आणि माथा यांतला फरक काढला, तर उत्तर व्यवहारात तेवढेच येते. कारण पृथ्वीच्या सुमारे 6,400 किलोमीटर त्रिज्येपुढे 18 मीटर नगण्य आहेत. दुसरी शंका पायांची. ऊर्जेतला फरक वाटेवर अवलंबून नसेल, तर पायऱ्या चढताना धाप का लागते? 10,584 ज्यूल म्हणजे जेमतेम अडीच किलोकॅलरी. पण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच कामी लावतात, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणून शरीराला दहाएक किलोकॅलरी मोजाव्या लागतात. हा हिशेब शरीराच्या कार्यक्षमतेचा आहे, त्याने सूत्र खोटे पडत नाही. तेव्हा वर्गात गणित सोडवताना आकडे भरण्याआधी ‘शून्य पातळी: पहिली पायरी’ अशी एक ओळ लिहायची सवय लावावी. ती नसेल, तर 10,584 हा आकडा कशाच्या तुलनेत, हे तपासणाऱ्यालाही सांगता येणार नाही.