पावले मोजणारे यंत्र आणि त्याची जागा

एकाच व्यक्तीने एकाच फेरीत मनगटाला व कमरेला अशी पावले मोजणारी दोन यंत्रे बांधली, तर ती बहुधा निरनिराळे आकडे दाखवितात. यात यंत्राचा दोष असतोच असे नाही. यंत्र खरोखर पावले मोजीत नाही. ते जेथे बांधले असेल तेथील हिसके टिपते आणि त्यांवरून पावलांचा अंदाज करते.

जपानमध्ये १९६५ साली ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, विक्रीस आले. दहा हजारांचा आकडा रूढ झाला तो या नावामुळे. वैद्यकीय संशोधनातून नव्हे. कमरेच्या जुन्या यंत्रांत स्प्रिंगच्या आधारावर एक दांडी असे. पाऊल टेकताच ती हले व आकडा पुढे सरके. पोट सुटलेल्या माणसाच्या कमरपट्ट्यावर मात्र यंत्र कलत असे आणि काही पावले निसटत.

आता दांडीच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक आला. जागेचा प्रश्न तसाच राहिला. मनगटावरील यंत्राची भिस्त हाताच्या झोक्यावर असते. डोक्यावरचा हंडा हाताने सावरीत येणारी स्त्री, हातगाडी ढकलणारा मजूर, वॉकर धरून चालणारे वृद्ध यांची पावले त्यामुळे कमी भरतात. उलट, बसल्या जागी भांडी घासणाऱ्याच्या खाती न चाललेली पावले जमा होऊ शकतात!

ताशी तीन किलोमीटरहून मंद चालीत कमरेचे यंत्रही चुकते, कारण शरीराचा हिसका क्षीण असतो. अशा वेळी घोट्यावरील यंत्र अधिक विश्वसनीय ठरते. मात्र सायकलचे पायडल मारणेही ते चालण्यात धरू शकते.

अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पाहणीत दिवसाला सुमारे ७,५०० पावलांपर्यंत मृत्यूचे प्रमाण घटत गेलेले आढळले. ती मोजणी कमरेवरील यंत्रांनी झाली होती. मनगटावरील आकडा तिच्याशी तंतोतंत ताडणे योग्य नव्हे. शाळा वा कार्यालयांतील चालण्याच्या स्पर्धांतही सर्वांची यंत्रे एकाच जागी असावीत, हे ओघानेच आले.

यंत्राची परीक्षा घरीच घेता येते. नेहमीच्या चालीने, नेहमीचे ओझे घेऊन, मनात मोजीत १०० पावले चालावे. जपानी मानकानुसार शंभरात तीन पावलांपर्यंतची चूक क्षम्य मानली जाते. फरक त्याहून मोठा आल्यास यंत्र बदलण्यापूर्वी त्याची जागा बदलून पाहावी.