पूर्ण एक मिनिट

धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आशाताईंनी ओसरीतल्या गोधडीवर बाळाला निजवलं, अंगावरचं फडकं बाजूला केलं आणि हातात घड्याळ धरून त्याच्या पोटाची हालचाल मोजायला सुरुवात केली. पूर्ण एक मिनिट. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही; म्हणून अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तेवढेच आले तर थेट दवाखाना.

"पिताना दमतंय का गं? कपाळाला घाम येतो?" त्यांनी बाळंतिणीला विचारलं. आजी म्हणाल्या, "थंडीनं निळं पडतंय लेकरू." ताईंनी बोटं सोडून ओठ आणि जीभ पाहिली. गारठ्यानं हातपाय निळे पडतात, जीभ नाही. हे लेकरू ठणठणीत होतं.

हजारांत आठ-दहा बाळं हृदयात दोष घेऊन जन्मतात. त्यांतल्या काहींचा जीव एका लहानशा रक्तवाहिनीवर तगून असतो, आणि ती जन्मानंतर काही दिवसांतच मिटते. तोवर बाळ गोरंगोमटं दिसतं, घरी येतं, आणि घरीच कोसळतं. ती वाहिनी उघडी ठेवणारं औषध आहे, प्रोस्टाग्लँडिन. पण ते वेळेत सुरू व्हायला हवं. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय त्या मानानं जवळ. एवढ्याशा हृदयाची शस्त्रक्रिया मात्र मुंबई-पुण्यासारख्या शहरांतच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती मोफत होते. माझ्या मते इथं पैशाआधी वेळ संपतो.

त्यात दसरा सरला की ऊसतोडीला कोयते निघतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तेव्हा लेकरू फडावरच्या कोपीत असतं. त्याची नोंद गावात, श्वास परमुलखात.

म्हणून बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी सोडण्याआधीच विचारा: बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजला का? चिमटा लावायचा, काही मिनिटांत आकडा दिसतो. दोन्हीकडे ९५ टक्क्यांच्या खाली भरला, किंवा हात-पायांत तीनहून जास्त फरक पडला, तर तपासणी पुन्हा. ९०च्या खाली आला तर थांबायचंच नाही. सगळे दोष यात सापडत नाहीत. तेव्हा बाळ दूध ओढेनासं झालं, धापायला लागलं, तर फडावर असा की गावात, १०८ला फोन करा.